क्यू ते टी

शिमला ऑफिसात एकतीस वर्षं
दर सोमवारी सकाळी साडेआठला
मी बॅरोग्राफचा कागद बदलला.
जांभळी शाई, फिरतं पिंप, आठवड्याची एक रेघ.
रेघ वाचायची, तिला घाबरायचं नाही,
एवढं शिकलो सरकारी पगारात.

आता एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर
गुलाबी चौकटींचा कागद पुढ्यात.
डॉक्टर बागवान पेन्सिलीच्या टोकानं मोजतात
क्यूपासून टीपर्यंतचं अंतर.
"पाचशे चार मिलिसेकंद."
अर्धा सेकंद की हो, मी म्हणतो.
एवढ्यात तर शिंकही पुरी होत नाही.

आलो होतो खालच्या दुखण्यासाठी.
रात्री पाच वेळा उठणं, पीएसए एकोणचाळीस,
बायोप्सीचे बारा तुकडे, त्यातल्या आठांवर शिक्का.
दर तीन महिन्यांनी पोटात इंजेक्शन,
पुरुषपणाचा नळ बंद,
गाठीला पाणी मिळू नये म्हणून.
पाणीकपात पुणेकराला समजावून सांगावी लागत नाही.
पण त्याच नळाचं थोडं पाणी
हृदयाकडेही जात होतं म्हणे.
ते आटलं की ठोक्यानंतरची उसंत लांबते.
सगळ्यांचीच, थोडी.
"तुमची जास्त. आणि ती आधीपासूनच लांब असावी.
घरात कोणी अचानक गेलंय?"

तेजल ओसवाल, वय असेल सव्वीस,
कोरा कागद पुढे करते.
पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल,
गेलेल्यावर तिरकी रेघ.

चौकोन. सुधन्वा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
चौऱ्याहत्तरचा मे, पर्वतीच्या पायथ्याचा कालवा.
पट्टीचा पोहणारा.
पोलिसांनी लिहिलं, बुडाला.
आई म्हणाली, नजर लागली.
भाऊ काहीच म्हणाले नाहीत,
पण त्यांनीच त्याच्या कमरेला डबा बांधून
त्याला पहिल्यांदा पाण्यात सोडलं होतं.
पुढे तीस वर्षं ते लकडी पुलावरून जाताना
नदीकडे पाठ करून चालले.

गोल. अंबूआत्या. मंगळागौरीचा झिम्मा,
चोविसावं वर्ष.
बाया समजल्या, दमून बसली.

आणि भाऊ स्वतः.
त्यांना माझंच. सत्तरीत, हाडांत उतरलेलं.
तेजल दोन रंगांच्या पेन्सिली घेते,
हृदयाला निळी, गाठीला तपकिरी.
माझा चौकोन अर्धा असा, अर्धा तसा.
भाऊंचा तपकिरी, निळ्या जागी प्रश्नचिन्ह.

एकाच घरात दोन्ही, मी विचारतो, योगायोग?
बागवान चष्मा काढतात.
पेशीच्या भिंतीत मिठाच्या ये-जा करायची दारं असतात,
हृदयात बिघडतात ती तिथली,
तशी काही दारं गाठीतही सापडली आहेत.
"पण यातून ते होतं, असं म्हणायला पुरावा नाही.
शक्यता म्हणू. मला माहीत नाही."

शक्यता.
या एका शब्दापायी आमच्या ऑफिसची
अख्ख्या शहरानं टिंगल केली.
छत्री घेतली की ऊन, ठेवली की सर.
डॉक्टरांवर हसावंसं मात्र वाटलं नाही.

औषध बदलू, म्हणतात. गोळी वाढवू, दर महिन्याला पट्टी काढू.
एकानं जगवायचं, दुसऱ्यानं सांभाळायचं,
मध्ये मी.
"आणि मुलीला बोलवा.
तिला प्रॉस्टेट नाही, पण हृदय तुमच्याकडून आलेलं असू शकतं.
तिच्याकडून पुढेही."

म्हात्रे पुलावर रिक्षा थांबवायला लावली.
खाली नदी, म्हणजे जलपर्णी.
भाऊ, बहुधा तुमची काही चूक नव्हती,
हे मी मोठ्यानं म्हणालो.
रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं.

मग ऋजुताला फोन.
बाबा, मोठ्यानं बोला, ती म्हणते,
इथे खूप गोंगाट आहे,
निषादची आज टाकीवर परीक्षा,
सूर मारून चार फेऱ्या.
त्याला थांबव, मी म्हणतो.
काय?
तिच्यामागे शिट्टी,
ओल्या फरशीवर पावलं,
आणि कोणीतरी मास्तर मोजतोय,
एक,
दोन